लोहखनिजातील अशुद्धींचे प्रमाणित मापन

लोहखनिजातील सिलिका, अल्युमिना, फॉस्फरस, मँगनीज इत्यादी नको असलेल्या घटकांचे प्रमाण कोणत्याही सक्षम प्रयोगशाळेत सारखेच यावे, यासाठी ठरवून दिलेली कार्यपद्धती. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगाव बंदराकडे जात आले आहे. विकणारा आणि घेणारा आपापल्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी करून घेतात आणि भाव व दंड या आकड्यांवर ठरतो. सिलिका-अल्युमिना वाढले की झोतभट्टीत (लोखंड वितळवण्याच्या भट्टीत) मळी, म्हणजे वितळलेला टाकाऊ भाग, वाढते आणि जादा कोक लागतो. फॉस्फरस तर भट्टीत जवळजवळ सगळाच लोखंडात उतरतो व पोलाद ठिसूळ करतो.

दोन अहवालांत तफावत आली की संशय आधी यंत्रावर घेतला जातो. प्रत्यक्षात मोठी चूक बहुधा नमुना घेतानाच झालेली असते. ढिगाच्या उतारावर जाड खडे घरंगळून पायथ्याशी जातात आणि चिकणमातीयुक्त बारीक माल वर राहतो. अल्युमिना मुख्यतः या बारीक भागात असल्याने वरवर फावड्याने उचललेला नमुना संपूर्ण मालाचे प्रतिनिधित्व करीत नाही. म्हणून आयएसओ 3082 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माल पट्ट्यावरून वाहत असताना ठराविक अंतराने प्रवाहाचा पूर्ण आडवा छेद घेतात. छेदकाचे तोंड सर्वांत मोठ्या खड्याच्या किमान तिप्पट रुंद लागते, नाहीतर मोठे खडे बाहेर उडतात.

पुढे नमुना वाळवून, दळून व विभाजकाने टप्प्याटप्प्याने कमी करीत साधारणतः 100 मायक्रोमीटरखाली आणतात. दळण्याचे भांडे निवडताना जपावे लागते: अगेट या कठीण दगडाच्या भांड्यातून सिलिका आणि मँगनीज पोलादातून लोह व मँगनीज नमुन्यात मिसळते.

वाळवणे हा गोव्यातला सर्वांत नाजूक टप्पा. विश्लेषणाचा नमुना 105 अंश सेल्सिअसला वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद पात्रात) थंड करतात व लगेच तोलतात. गोएथाइट (रचनेत पाणी असलेले लोहाचे खनिज) आणि मातीचा अंश असलेली भुकटी पावसाळी दमट हवेत भराभर ओल शोषते. समजा, कोरड्या मालात 5.00 टक्के सिलिका व 58.00 टक्के लोह आहे. नमुन्यात 2 टक्के ओल राहिली तर हेच आकडे 4.90 आणि 56.84 असे दिसतील, म्हणजे अशुद्धी कमी वाटेल आणि मालही हलक्या प्रतीचा ठरेल. जहाजावरील मालाचा ओलावा मात्र आयएसओ 3087 प्रमाणे वेगळ्या नमुन्यावर काढतात; त्यावरूनच ओल्या टनाचा कोरडा टन होतो.

आज बहुतेक घटक क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पाडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य परत सोडते त्या किरणांवरून, मोजतात. भुकटी दाबून केलेली गोळी करायला सोपी, पण खनिजाचा प्रकार व कणांचा आकार बदलला की तिचे वाचन हलते. आयएसओ 9516-1 मध्ये त्यासाठी नमुना लिथियम बोरेटमध्ये वितळवून काचेची चकती करतात. बोरेटही ओल धरते, म्हणून तेही आधी तापवून घ्यावे लागते. या पद्धतीत पाणी दिसत नाही, त्यामुळे सुमारे 1000 अंशांवरील ज्वलनघट (तापवल्यावर वजनात येणारी घट) स्वतंत्रपणे मोजून मिळवतात. सर्व ऑक्साइडे आणि ज्वलनघट यांची बेरीज 100 च्या आसपास आली नाही, तर अहवाल पुढे पाठवू नये.

यंत्राला आधार ओल्या रासायनिक पद्धतींचा. सिलिका वजनी पद्धतीने काढताना तापवलेल्या अवशेषावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल टाकून पुन्हा तापवतात. त्यात सिलिका वायुरूपाने उडून जाते, म्हणून वजनातील घट म्हणजे खरी सिलिका. फॉस्फरस मॉलिब्डेनम निळ्या रंगावरून मोजतात. आर्सेनिकही तोच रंग देते, म्हणून ते आधी घालवावे लागते.

प्रत्येक नमुन्याची जोडीने चाचणी होते. दोन आकड्यांतील फरक पद्धतीच्या मर्यादेत असेल तरच सरासरी धरतात, नसेल तर पुन्हा चाचणी करतात. दर फेरीत प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातील घटकांचे प्रमाण आधीच माहीत आहे असा) चालवला जातो. नमुन्याचा एक भाग मोहोरबंद ठेवतात. दोन पक्षांचे आकडे करारातल्या मर्यादेबाहेर गेले की तोच भाग तिसऱ्या, तटस्थ प्रयोगशाळेकडे जातो.