विरजण आमचं, दूध तुमचं

जमिनीची तब्येत सुधारण्याबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राम राम मंडळी,

एप्रिल-मे लागला की दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "रान पार बाद झालं बघा, ताकद येईल असं काही तरी द्या." आम्ही गांडूळ खत, जिवाणू खतं आणि ट्रायकोडर्मा (पिकाचा रोग रोखणारी उपयोगी बुरशी) विकतो. त्यामुळे अशा वेळी चार पोती आणि दोन पाकिटं गाडीत टाकून देणं आम्हाला अवघड नाही. पण नुसतं तेवढंच दिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीच येऊन म्हणाल, "काही फरक नाही पडला." आणि ते खरंच असेल. म्हणून माल देण्याआधी हा कागद देतो. आधी वाचा, मग काय घ्यायचं ते ठरवा.

घरात दही लावायला विरजण चमचाभरच लागतं. पण पातेल्यात दूधच नसेल तर त्या चमच्याचं काय करायचं? आमचं पाकीट म्हणजे ते विरजण. दूध म्हणजे तुमच्या रानातला काडीकचरा, पाला, मुळं आणि गोठ्यातलं शेण. ते आम्ही विकत नाही, विकूही शकत नाही. आणि बहुतेक रानांत नेमकं तेच पेटवून दिलं जातं.

एकदा हिशेब मांडू

माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब', म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, असा एक आकडा असतो. ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्याच्या वर भरपूर, असं साधारण धरतात. अंबाजोगाई, परळी, रेणापूर, सोनपेठ भागातले जे कागद आमच्याकडे येतात, त्यांत ०.५ च्या खालचे आकडे नेहमीचेच आहेत.

आता एक एकर रान घ्या. वरचा सहा इंचांचा थर मोजला तर ती माती सुमारे ८ लाख किलो भरते. त्यात कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा, म्हणजे ०.४ चा ०.५ करायचा, तर ८०० किलो नुसता कर्ब मातीत जाऊन टिकला पाहिजे. आमच्या गांडूळ खताच्या ५० किलोच्या पोत्यात तो आठ-नऊ किलो असतो. म्हणजे एकराला शंभरच्या आसपास पोती, आणि तीही त्यातला कणसुद्धा हवेत गेला नाही असं धरून. एवढी पोती आम्ही तुम्हाला आनंदाने विकू, पण मग ती जमीन विकायची वेळ येईल.

काडीकचऱ्याचं गणितही सोपं नाही, हे आधीच सांगतो. वाळलेल्या काडीत वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या वर कर्ब असतो, पण कुजताना त्यातला मोठा वाटा वायू होऊन परत हवेत जातो. आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच. मातीत टिकून राहतो तो फार तर दहा-वीस टक्के. म्हणून एका हंगामात कागदावरचा आकडा हलत नाही. तीन-चार वर्षं रानातलं रानातच ठेवलं तर हलायला लागतो. "एका वर्षात कर्ब दुप्पट" असं कुणी सांगत आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कर्ब गेला कुठं

काळी माती वाईट नाही. बेसाल्ट झिजून झालेली ही चिकण माती ओल धरून ठेवण्यात पटाईत असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यालाही घाबरू नका, तो तिचा स्वभाव आहे. ती फुगते, आकसते आणि आपली आपणच थोडी उलथीपालथी होते. तिला उपाशी ठेवलं ते आपण.

पूर्वी दारात दोन बैल, एखादी म्हैस आणि मागे उकिरडा असायचा. कडबा जनावराच्या पोटातून फिरून शेण होऊन रानात परत जायचा. बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर शेण टाकत नाही. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, आमच्या घरचे बैलही असेच गेले. पण रानाला मिळणारं खाणं त्या दिवशी बंद झालं, हे लक्षात घ्यायला हवं. वर दर वर्षी खोल नांगरट, मग रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्या. माती मैद्यासारखी होते, पेरायला छान वाटते, पण त्या भुग्यावर पहिला जोराचा पाऊस पडला की वरची पापडी धरते आणि खाली पात्याच्या पातळीला कडक थर बसतो. माती जितकी उलटसुलट कराल तितकी हवा आत जाते आणि तितका कर्ब जळतो. नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरते. मधल्या वर्षी वखराच्या पाळीवर भागवून बघा. सगळ्या रानावर नको, एका एकरावर बघा.

काय पेटवू नये, आणि मग त्याचं करायचं काय

सोयाबीनपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. मळणी यंत्राच्या मागे भुसकटाचा ढीग पडतो. कुणी जनावराला घालतं, कुणी वीटभट्टीला देतं, उरलेलं धुऱ्याला (बांधाला) पेटवतं. द्विदल पिकाचं असल्याने त्यात नत्र (नायट्रोजन) बऱ्यापैकी असतं, ते लवकर कुजतं. जनावरांना लागेल तेवढं ठेवून बाकीचं त्याच रानात पसरून द्या. हरभरा पेरायच्या आधी पसरायला वेळ नसेल तर धुऱ्याला ढीग लावून शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा, पुढच्या खरिपाला खत होईल.

पऱ्हाटीचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडांचं, तसं नाही, आणि इथं आम्ही स्वतः तोंडावर आपटलो आहोत. आमच्या चार एकरांत आम्ही मोठ्या उत्साहाने पऱ्हाटीची कुट्टी (बारीक तुकडे) करून सगळीच्या सगळी कच्ची मातीत गाडली आणि लगेच वरून पेरणी केली. पीक महिनाभर पिवळंधमक. कारण साधं होतं. पऱ्हाटीत एका भाग नत्रामागे पन्नासाच्या वर भाग कर्ब असतो. तेवढं कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलं ओढून घेतात, पिकाच्या तोंडचा घास काढून. पुढे ते नत्र परत मिळतं, पण तोवर पिकाचे दिवस गेलेले असतात. तेव्हा कुट्टी कच्ची गाडू नका. एक तर वर आच्छादन म्हणून अंथरा, नाही तर ढिगात कुजवून मग टाका.

"पण बोंडअळीसाठी जाळावीच लागते ना?" हे खूप जण विचारतात. गुलाबी बोंडअळी उरलेल्या किडक्या बोंडांत सुप्त राहते, हे खरं आहे. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही तोच कापूस राखून घेतलेलं पीक) घेऊ नये आणि पऱ्हाटीच्या गंजी धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नयेत. पण त्याला उपाय आगच असं नाही. बारीक कुट्टीत बहुतेक अळ्या तिथंच मरतात, आणि नीट रचलेला ढीग आतून एवढा तापतो की हात घालवत नाही. ढीग रचताना कुट्टीचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, त्यावर मूठमूठ जुनं खत किंवा माती, परत कुट्टी, असं करत छातीइतकं न्या. ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खालीवर करा. तीन-चार महिन्यांत काम होतं. एक मात्र सांगतो, मे महिन्यात प्यायला पाणी नसताना टँकर आणून खत करायच्या भानगडीत पडू नका. आत्ता कुट्टी करून ठेवा, ढीग पहिल्या पावसावर रचा.

उसाचं पाचट एकराला तीन-चार टन निघतं, आणि तोडणी संपली की काडी लावतात. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या पिकात) ते न जाळता सरीत दाबून बसवा. दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, ही प्रचलित मात्रा आहे. युरियाचं नाव वाचून काही जणांच्या भुवया चढतील. तो इथं पिकाला नाही, कुजवणाऱ्या जिवाणूंना आहे. पऱ्हाटीच्या वेळी आमची जी फजिती झाली, ती यानेच टळते. शेणकाला भरपूर असेल तर युरिया कमी करा.

धुरे पेटवण्याबद्दल फक्त एवढंच, की त्या आगीत गवतापेक्षा झाडं जास्त मरतात. त्याच धुऱ्यावर पावसाळ्यात गिरीपुष्पाच्या काड्या लावल्या तर दोन वर्षांनी त्यांचा पाला छाटून रानात अंथरता येतो. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, पाला नत्राने भरलेला असतो आणि लवकर कुजतो. रान मोकळं पडणार असेल, तर पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्यात, फुलोऱ्यात येताना गाडा. फूल पूर्ण येऊन काडी टणक झाली की उशीर झाला. सोयाबीनवर सोयाबीन घेणाऱ्यांनी निदान मधे तूर घालावी. सोयाबीनच्या चार ओळी, तुरीच्या दोन. तुरीचं मूळ तो खालचा कडक थर भेदत जातं आणि पानगळ फुकटात मिळते.

पाऊस रानात मुरला पाहिजे

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते सगळ्यांना आठवत असेल. आता हे बघा. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ४ हजार लिटर पाणी होतं. वळवाचा ४० मिलिमीटरचा एक फटका म्हणजे १ लाख ६० हजार लिटर, दहा हजार लिटरचे सोळा टँकर. पापडी धरलेल्या उघड्या रानावरून त्यातलं किती तरी ओढ्याला जातं, आणि जाताना वरची चांगली माती घेऊन जातं. काडीकचऱ्याने झाकलेल्या मातीवर थेंबाचा मार बसत नाही, पाणी सावकाश आत शिरतं. पेरणी उताराला आडवी करा. भारी रानात रुंद वरंबा सरी यंत्राने पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघतं आणि खंड पडला तर तीच सरी ओल धरते. जालना जिल्ह्यात कडवंचीला आधी पाणलोटाचं काम झालं, मग शेततळी, मग द्राक्षं आली. द्राक्षं बघायला सगळे जातात. जाल तेव्हा बांधही बघून या.

पाकीट घेतलंच तर

सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) हरभऱ्याला चालत नाही. पाकिटावर पिकाचं नाव आणि शेवटची तारीख बघा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि तेवढंच स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारं जिवाणू खत. आधी बुरशीनाशक, मग शेवटी जिवाणू, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. रासायनिक खतात पाकीट मिसळलं तर पैसे पाण्यात. पीक चाळीसेक दिवसांचं झालं की एखादं झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर आम्हाला येऊन सांगा, आणि पाकीट कुठं ठेवलं होतं तेही खरं सांगा. सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही स्वतःच ट्रायकोडर्माची खोकी पत्र्याखाली ठेवली होती. माल मेला, लोकांचे पैसे परत करावे लागले. हे जिवंत असतं, उन्हात मरतं.

ट्रायकोडर्मा तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मर रोगासाठी. तो कोरड्या मातीत फेकू नका, कुजलेल्या शेणखतात मुरवून ओलीवर द्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातही जिवाणू खतं मिळतात. तिकडे जाणं होत असेल तर तिथून आणा, आम्हाला राग नाही.

घरी गाय असेल तर पाकिटाऐवजी जीवामृतही चालतं. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, दोन-तीन दिवसांनी एकराला वापरा, आठवड्याच्या आत संपवा. मात्र तेही विरजणच आहे, खत नव्हे. वर दिलेलं दूधाचं गणित त्यालाही लागू.

माती बघायची कशी

नमुना आत्ताच घ्या, पीक निघालंय आणि खत पडलेलं नाही. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा करून कडेची माती घ्या, एकत्र करून अर्धा किलो ठेवा. झाडाखालची, धुऱ्याची, विहिरीजवळची, उकिरड्याच्या जागेची नको. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. आमच्याकडे आणलीत तर वाचून सांगू. आपल्या चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही, म्हणून सोयाबीनचा शेंडा पिवळा पडतो. त्याला युरिया टाकून उपयोग नाही. अशा रानात चुना तर अजिबात टाकू नका. जिप्समही चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) जमीन असल्याचं कागदावर दिसलं तरच.

कागदापेक्षा सोपी परीक्षा येळवसला (वेळ अमावस्येला) करता येते. आंबील पिऊन, भज्जी खाऊन झाली की रानातलं एक सुकं ढेकूळ आणि धुऱ्यावरच्या गवताखालचं एक ढेकूळ घ्या, दोन ग्लास पाण्यात अलगद सोडा. धुऱ्याचं बराच वेळ आकार धरून राहतं. रानातलं लगेच विरघळून पाणी गढूळ झालं, तर तुमच्या मातीला बांधून ठेवणारं आत काही उरलेलं नाही. दर येळवसला त्याच जागेचं ढेकूळ बघत जा. आमच्या त्या चार एकरांतलं ढेकूळ अजून धुऱ्याइतकं टिकत नाही, पण पूर्वी टेकवताच सांडायचं तसं आता होत नाही.

आमच्याकडे मिळतं ते असं: गांडूळ खत, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचं रायझोबियम, स्फुरदाचं जिवाणू खत, ट्रायकोडर्मा, पाचट कुजवणारं जिवाणू खत, ताग आणि धैंच्याचं बी. गांडूळ खत भाजीपाला, रोपवाटिका आणि फळझाडाच्या आळ्यासाठी घ्या. दहा एकर सोयाबीनसाठी मागाल तर आम्हीच नको म्हणू.

कुट्टीचं यंत्र भाड्याने आहे, पण एकच आहे. रोहिण्या (मे अखेरीस लागणारं नक्षत्र) लागायच्या आत नंबर लावा. पऱ्हाटी एकदा भिजली की यंत्रात गुंडाळते, आणि मग ती काढत बसण्यात तुमचाही दिवस जातो आणि आमचाही.