चुरगळलेल्या पत्र्याचे गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ६० सेंटिमीटर आत दबले, तर सगळा प्रकार सुमारे ८६ मिलिसेकंदांत आटोपतो. संगणकीय खेळात पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, उमटत असतील, तर एवढ्या वेळात जेमतेम पाच दिसतात. या पाच फ्रेममध्ये बॉनेट दुमडायला हवे, दिवा फुटायला हवा, पुढचे चाक मागे सरकून मडगार्डमध्ये रुतायला हवे आणि उरलेल्या गाडीलाही तो धक्का कळायला हवा. गाड्या मोडण्यातच ज्यांची मजा आहे, अशा शर्यतींच्या खेळांची खरी मेहनत या पाच फ्रेममध्ये असते.

ही मेहनत दोन तऱ्हांनी करतात. पहिली तऱ्हा जुनी आणि स्वस्त. गाडी हलते ती एका कडक, न वाकणाऱ्या ठोकळ्यासारखी. तिची जागा सांगायला तीन आकडे, ती कशी कलली आहे हे सांगायला तीन. टक्कर झाली की ठोकळा उसळतो आणि ज्या ठिकाणी मार बसला, तिथल्या चित्राचे शिरोबिंदू (ज्या त्रिकोणांनी गाडीचे चित्र बनते त्यांचे कोपरे) आत ढकलले जातात. पोचा दिसतो, पण गाडीच्या चालीला त्याचा पत्ता नसतो; चाल बिघडवायची असेल तर नियम वेगळा लिहावा लागतो: ‘उजवीकडे इतका मार बसला की स्टिअरिंग इतके ओढेल.’ ही फसवणूक नव्हे. १९९५ साली ‘डिस्ट्रक्शन डर्बी’ आला तेव्हाच्या यंत्रांवर याहून जास्त परवडतच नव्हते. २००४ च्या ‘फ्लॅटआउट’ने पुढची पायरी गाठली: कडेची कुंपणे, टायरांचे ढीग सुटे झाले आणि चालक काचेतून बाहेर फेकला जाऊ लागला. वेगवान, हलक्याफुलक्या शर्यतीला आजही हीच तऱ्हा शोभते.

अडचण ऊर्जेची आहे. १२०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्यात सुमारे ११६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ती चौपट, म्हणजे ४६३ किलोज्यूलच्या घरात जाते. खऱ्या अपघातात ही ऊर्जा मुख्यतः पत्रा वाकवण्यात खर्च होते. कडक ठोकळ्याला वाकणे ठाऊक नसल्याने तिथे वेगाला एखाद्या ठरावीक अपूर्णांकाने गुणून ती सरळ पुसून टाकतात.

दुसऱ्या तऱ्हेत वाकणे हेच गणित असते. ‘रिग्ज ऑफ रॉड्स’ या खेळाने ती लोकांपर्यंत आणली आणि २०१३ पासून ‘बीमएनजी ड्राइव्ह’ने तिला आजचे रूप दिले. गाडी म्हणजे काही शे नोड, म्हणजे बिंदू, आणि त्यांना जोडणारे काही हजार बीम, म्हणजे दांडे. नोडला फक्त वस्तुमान आणि जागा. बीम म्हणजे स्प्रिंग, पण चार आकड्यांची: ताठरपणा, कंपने शमवण्याची ताकद, कायमचे वाकण्याची मर्यादा आणि तुटण्याची मर्यादा. गाडीचे दिसणारे रूप या सांगाड्यावर कापडासारखे चढवलेले असते. जवळचे नोड सरकतील तसा पत्रा सरकतो.

हे समजून घ्यायला गाडी लागत नाही, एक घन पुरे. आठ कोपऱ्यांवर १ किलोचा एकेक नोड ठेवा, बाजू १ मीटर. फक्त १२ कडांना बीम लावले तर घन तळ-झाकण नसलेल्या खोक्यासारखा एका अंगावर लवंडून सपाट होतो. म्हणून सहा पृष्ठांचे १२ कर्ण आणि पोटातून जाणारे ४ कर्णही जोडायचे. म्हणजे प्रत्येक नोड उरलेल्या सातांना जोडला जातो आणि एकूण बीम होतात २८. ताठरपणा मीटरला २०,००० न्यूटन, वाकण्याची मर्यादा ५०० न्यूटन, काळाचे पाऊल, म्हणजे दोन हिशेबांमधले अंतर, १ मिलिसेकंद. प्रत्येक पावलाला प्रत्येक बीमची आत्ताची लांबी मूळ लांबीशी ताडून बल काढायचे, दोन्ही टोकांच्या नोडवर उलटसुलट दिशांनी टाकायचे, त्यात गुरुत्व मिळवायचे. मग आधी वेग बदलायचा आणि या नव्या वेगाने जागा बदलायची. हा क्रम चुकवू नये. जुन्या वेगाने जागा सरकवली तर स्प्रिंगमध्ये दर पावलाला थोडी ऊर्जा फुकट भरत जाते आणि घन आपोआप थरथरायला लागतो. जमिनीखाली गेलेला नोड पुन्हा शून्य उंचीवर आणून त्याचा खाली जाणारा वेग काढून घ्यायचा.

आता पोचा. बीमवरचे बल ५०० न्यूटनच्या वर गेले की त्याची मूळ लांबीच बदलायची, इतकी की बल बरोबर मर्यादेवर येऊन थांबेल. १ मीटरचा बीम १० सेंटिमीटर दाबला गेला, तर ५०० भागिले २०,००० म्हणजे २.५ सेंटिमीटर तो परत उसळेल आणि ७.५ सेंटिमीटर कायमचा आखडेल. ५ मीटरवरून सोडलेला हा घन पोचा घेऊनच उठतो. मर्यादा दुप्पट करून १,००० केली, तर आडवा सपाट पडल्यावर बिनपोच्याचा उठतो.

गाडी कुठे मोडावी हे याच मर्यादेने ठरते. मर्सिडीझ-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५१ साली ज्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला, ती हीच: नाक आणि शेपूट मऊ, मधली खोली कडक. खेळात पुढच्या बीमची मर्यादा कमी आणि छताच्या खांबांची जास्त ठेवली की बॉनेट आधी दुमडते. खेळासाठी स्वतः गाड्या बनवणारे नवखे मॉडर सगळीकडे एकच आकडा ठेवून गोंधळतात ते इथे. त्यांची गाडी एक तर विटेसारखी उसळते किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखी बसते.

मग ताठरपणा खऱ्या पोलादाइतका का ठेवत नाहीत? कारण वेळ. एका नोडचे वस्तुमान २ किलो असेल आणि त्याला जोडलेल्या बीमचा एकत्रित ताठरपणा मीटरला ८० लाख न्यूटन असेल, तर ताठरपणा भागिले वस्तुमान याचे वर्गमूळ २,००० येते. हा नोडच्या स्वाभाविक कंपनाचा वेग, सेकंदाला रेडियनमध्ये. काळाचे पाऊल २ भागिले २,००० म्हणजे १ मिलिसेकंदाहून मोठे घेतले, तर प्रत्येक पावलाला नोड आपल्या जागेच्या अधिकाधिक पलीकडे उडी मारतो आणि क्षणार्धात अख्खी गाडी काट्यांच्या गोळ्यासारखी फुटून दिसेनाशी होते. शेजारचे नोडही हलत असतात, त्यामुळे पावलाची ही मर्यादा आणखी आवळते. म्हणून ‘बीमएनजी’ सेकंदाला २,००० पावले टाकतो. स्वतः बनवलेली गाडी अशी फुटत असेल, तर आधी सर्वांत हलके नोड तपासावेत: आरसे, दारांच्या कडा, टायर. हलका नोड आणि ताठ बीम ही जोडीच घात करते. वस्तुमान वाढवा किंवा ताठरपणा उतरवा. शमन वाढवून भागेल असे वाटते, पण तेही हाताबाहेर गेले की तसाच स्फोट घडवते.

खऱ्या गाड्यांच्या सुरक्षेसाठी संगणकावर होणाऱ्या टक्कर-चाचण्यांशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. त्या आज्ञावलींच्या घराण्याचा मूळपुरुष ‘डायना-३डी’, १९७६ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी लिहिला. त्यात गाडीचे लाखो तुकडे करतात. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर धावतो. तुकडा ५ मिलिमीटरचा असेल तर लहर त्याला १ मायक्रोसेकंदात ओलांडते, आणि पाऊल त्याहून मोठे चालत नाही. आपल्या ८६ मिलिसेकंदांच्या टकरीला तिथे ८६,००० पावले लागतात आणि अनेक प्रोसेसर तासन्तास राबतात. खेळाला ती टक्कर ८६ मिलिसेकंदांतच, १७२ पावलांत उरकायची असते.

हाच हिशेब उलटा केला की खेळातल्या गाड्या किंचित जेलीसारख्या का थरथरतात तेही उलगडते. नोड २० सेंटिमीटरच्या अंतरावर आणि पाऊल अर्ध्या मिलिसेकंदाचे, तर त्या सांगाड्यातून लहर ढोबळमानाने सेकंदाला ४०० मीटरहून वेगाने जाऊच शकत नाही. पोलादाच्या चार मीटर लांब गाडीत बंपरचा धक्का मिलिसेकंदाच्या आत डिकीपर्यंत पोचेल, इथे दहा मिलिसेकंद जातात. ज्याला ही थरथर खटकते, त्याला खरे तर पाऊल छोटे करायला हवे, आणि पाऊल अर्धे केले की काम दुप्पट होते.

लहान पावलांचा एक फायदा मात्र मोठा आहे. ताशी १०० किलोमीटरने गाडी एका फ्रेममध्ये ४६ सेंटिमीटर जाते. फ्रेमगणिक एकदाच टक्कर तपासली तर पातळ भिंत ती न शिवता पार करू शकते. सेकंदाला २,००० वेळा तपासले की दर पावलाला अंतर उरते १.४ सेंटिमीटर. तरी एक भोक राहतेच. टक्कर तपासली जाते ती एका गाडीचा नोड आणि दुसरीच्या पृष्ठावरचा त्रिकोण यांच्यात. दोन कडा एकमेकींना छेदून गेल्या आणि वाटेत नोड आलाच नाही, तर कुणालाच कळत नाही. टकरीनंतर दोन गाड्या दारांतून एकमेकींत अडकून पडतात त्या यामुळे.

नुकसान असे मोजलेले असले की खेळण्याची रीतही त्यातून घडते. खऱ्या डेमोलिशन डर्बीत, म्हणजे एकमेकांच्या गाड्या ठोकून बंद पाडण्याच्या स्पर्धेत, चालक रिव्हर्स गिअरमध्ये, डिकीने ठोकर मारतात, कारण रेडिएटर पुढे असतो. तो फुटला की पाणी वाहून जाते, इंजिन तापते आणि बंद पडते. नोड-बीमच्या गाडीतही रेडिएटर पुढच्या नोडना बांधलेला असतो, म्हणून हीच युक्ती तिथे न शिकवता चालते. तिला शेवट आहे. प्रत्येक ठोकरीने डिकी थोडी आखडते, मागच्या चाकांच्या कमानी पुढे येतात, पत्रा टायरला घासू लागतो आणि एका ठोकरीनंतर मागचे चाक फिरायचे थांबते. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर खेळ तिथेच संपतो. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर थांबलेली चाके फरफटवत ती अजून काही ठोकरी मारू शकते, पण आता समोरून, रेडिएटर पणाला लावून.