केबलचं चॅनल ‘सॅटेलाइट’ होत नसतं

“आपलं चॅनल बारा वर्षं केबलवर चालू आहे, आता सॅटेलाइट करायचंय. अपग्रेडचा फॉर्म कुठला भरायचा?”

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की विचारणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच मला उत्तर द्यावंसं वाटतं: असा फॉर्म नाही. कधीच नव्हता. केबलवरच्या लोकल चॅनलला पुढची पायरी म्हणून सॅटेलाइटची परवानगी मिळत नाही, कारण ते एकाच जिन्यावर नाहीतच. तरीही दर दिवाळीला कुठल्या तरी तालुक्यात ‘लवकरच सॅटेलाइटवर’ असा फ्लेक्स लागतो, आणि त्याच्या जोरावर वर्षभराच्या जाहिराती आगाऊ घेतल्या जातात.

केबलची बाजू तुम्हाला माहीतच आहे, म्हणून भराभर सांगतो. तुमचं लोकल चॅनल सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ आहे. एमएसओ (मल्टि-सिस्टिम ऑपरेटर, म्हणजे केबलचा सिग्नल पुरवणारा मोठा केबलवाला) आपल्याच ग्राहकांना दाखवण्यासाठी जे चॅनल स्वतःच्या हेडएंडवरून, म्हणजे सिग्नल सोडायच्या केंद्रावरून, सोडतो, ते प्लॅटफॉर्म सर्व्हिस. ३० नोव्हेंबर २०२२ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणी ऑनलाइन, मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, चॅनलमागे १,००० रुपये. दुसरीकडे सॅटेलाइट चॅनल म्हणजे अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या, म्हणजे सिग्नल उपग्रहाकडे पाठवायच्या आणि खाली उतरवायच्या, परवानगीवर चालणारं चॅनल. त्याची तत्त्वंही २०२२ च्या नोव्हेंबरातलीच, अर्जाचं पोर्टलही तेच. महिना एक, पोर्टल एक, त्यामुळे माणसाला वाटतं की एकाच खिडकीवर आधी छोटं आणि मग मोठं तिकीट मिळतं.

आता मुद्द्याचं. हे एवढं समजलं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

तो हजार रुपयांचा अर्ज कुणी केला होता, ते आठवा. तुम्ही नाही, एमएसओने. प्लॅटफॉर्म सर्व्हिसची नोंदणी एमएसओच्या नावावर असते. चॅनलचा लोगो तुमचा, कॅमेरे तुमचे, कर्ज तुमचं, गणपतीत अकरा-अकरा तास लाइव्ह करून बसलेला घसाही तुमचा. पण सरकारच्या लेखी तुम्ही कुठेच नाही. त्या कागदावर तुमचं चॅनल हे एमएसओच्या सेवेतलं एक चॅनल आहे, बस्स. जो परवाना मुळात तुमचा नाही, त्याला बढती कशी मिळणार? भाड्याच्या खोलीत बारा वर्षं राहिलात म्हणून शेजारच्या बंगल्याचा सातबारा तुमच्या नावावर होत नाही.

हा गोंधळ आला कुठून, तेही सांगतो, कारण दोष पूर्णपणे लोकांचा नाही. ॲनालॉगच्या काळात चॅनल खरोखरच ‘आपलं’ होतं. गावातल्या केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये एक मॉड्युलेटर (व्हिडिओ केबलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारं यंत्र), एक व्हीसीआर किंवा डीव्हीडी प्लेयर, आणि रिकामी फ्रिक्वेन्सी पाहून सोडलेलं चॅनल. कुणाची परवानगी लागतेय असं कुणाला वाटलंही नाही. मग डिजिटायझेशन आलं. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर पहिला टप्पा, आणि गावखेड्यांपर्यंतचा चौथा टप्पा ३१ मार्च २०१७ ला. सिग्नल एमएसओच्या हेडएंडवरूनच एन्क्रिप्ट होऊन सेट टॉप बॉक्सपर्यंत जाऊ लागला. मध्येच आपलं चॅनल घुसवायची सोय गेली. चॅनल टिकवायचं तर फीड एमएसओकडे पोचवायचं आणि त्याच्या यादीत जागा मागायची, एवढंच उरलं. त्या दिवशी मालकी सरकली. पण बूमवरचा, म्हणजे बातमीदाराच्या माइकवरचा, लोगो तोच राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

याचे परिणाम रोजच्या धंद्यात दिसतात. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा मजकूर त्या एकाच प्लॅटफॉर्मपुरता हवा. दुसऱ्या कुठल्याही वितरकाला तो सरळ किंवा आडमार्गाने देता येत नाही. देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला तेवढी सूट आहे. म्हणजे विठ्ठलाची आरती चार नेटवर्कवर एकाच वेळी दाखवता येईल, पण त्याच पंढरपूरच्या नगरपालिकेतल्या राड्याची तुमची बातमी नाही. “आमचं चॅनल जिल्ह्यातल्या तीनही नेटवर्कवर दिसतं” असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे वाक्य जरा हळू आवाजात सांगावं.

दुसरं, ‘कंपनी हवी’ ही अट. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी देणारी संस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेली असली पाहिजे, हे खरं. पण ही अट एमएसओला आहे. एमएसओ भागीदारी संस्था असेल आणि तुम्ही घाईघाईने प्रायव्हेट लिमिटेड काढलीत, तर त्या अटीची पूर्तता होत नाही. फक्त दरवर्षी रिटर्न भरायचं एक नवं लचांड गळ्यात पडतं. ज्याने तुम्हाला “आधी कंपनी काढा, मग बघू” असा सल्ला दिला, त्याने बहुतेक कंपनी काढून द्यायची फी घेतलेली असते.

तिसरं, जागेचा प्रश्न. एमएसओला त्याच्या एकूण चॅनलक्षमतेच्या ५ टक्केच प्लॅटफॉर्म सर्व्हिस ठेवता येतात, आणि हा हिशेब राज्यनिहाय होतो. शिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी वरती दोन. ४०० चॅनलची क्षमता असेल तर राज्यात २०, अधिक तुमच्या जिल्ह्यात २. त्या वीसांत त्याची स्वतःची सिनेमाची आणि गाण्यांची चॅनल आधीच बसलेली असतात. म्हणजे तुमची खरी लढाई बहुतेक वेळा त्या दोन जागांसाठी असते, आणि ती मंत्रालयात नाही तर एमएसओच्या ऑफिसात होते.

सॅटेलाइटकडे वळू. इथे अर्जदार तुम्ही स्वतः, म्हणजे तुमची कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). आणि पहिल्याच दारात नेटवर्थ उभं असतं. बातम्यांच्या पहिल्या चॅनलसाठी २० कोटी रुपये, पुढच्या प्रत्येकासाठी ५ कोटी. बातम्या नसलेल्या पहिल्या चॅनलसाठी ५ कोटी, पुढच्या प्रत्येकी अडीच कोटी.

आकडा ऐकून लोक घाबरत नाहीत, हे मला नेहमी नवल वाटतं. कारण त्यांना वाटतं, नेटवर्थ म्हणजे ऐपत. “हायवेला साडेतीन एकर आहे ना आपली!” आहे ना, पण ती तुमची आहे, कंपनीची नाही. नेटवर्थ अर्जदार कंपनीचं मोजतात: भरणा झालेलं भांडवल आणि साठलेला राखीव निधी, त्यातून साचलेला तोटा वजा. सगळं लेखापरीक्षित ताळेबंदातून. जमीन कंपनीच्या नावावर असली आणि तिचं मूल्यांकन वाढवून घेतलं, तरी त्या वाढीचा राखीव निधी कंपनी कायद्याच्या व्याख्येनुसार नेटवर्थमध्ये धरत नाहीत. बरं, २० कोटींचं कर्ज काढून बँकेत ठेवलं तर? एका बाजूला २० कोटी आले, दुसऱ्या बाजूला २० कोटींचं देणं आलं, नेटवर्थ जिथल्या तिथे. हे गणित सीए पाच मिनिटांत समजावतो, पण लोक सीएकडे सगळ्यात शेवटी जातात, लोगो आधी बनवतात.

मग कुणीतरी हुशार शोध लावतो: बातम्यांचं सांगायचंच कशाला? भक्ती, शेती, मनोरंजन म्हणून ५ कोटींच्या गटात परवानगी घेऊ आणि संध्याकाळी सातला हळूच बुलेटिन लावू. नका. परवानगीतच चॅनल बातम्यांचं की बिगर-बातम्यांचं हे लिहिलेलं असतं, आणि ते उल्लंघन शोधायला कुणाला छापा घालावा लागत नाही. तुमचं बुलेटिन सगळा देश बघू शकतो, यासाठीच तर तुम्ही सॅटेलाइटवर गेलात.

बाकीचं पटकन. अपलिंकिंग आणि डाउनलिंकिंग या दोन वेगळ्या परवानग्या आहेत: एक सिग्नल उपग्रहाकडे पाठवायची, दुसरी तो भारतात उतरवून वितरकांना द्यायची. भारतातून अपलिंक होणाऱ्या चॅनलला पहिल्याचे वर्षाला २ लाख, दुसऱ्याचे ५ लाख. टेलिपोर्ट, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवायचं केंद्र, स्वतःचा लागत नाही, परवानगी असलेल्या टेलिपोर्टशी करार चालतो. कंपनी आणि संचालकांची गृह मंत्रालयाकडून सुरक्षा पडताळणी होते, आणि ती तुमच्या ओळखीच्या आमदाराने फोन केल्याने लवकर होत नाही. परवानगी १० वर्षांची. अर्जाची प्रक्रिया फी मात्र १०,००० रुपये, आणि तेवढाच आकडा लोकांच्या लक्षात राहतो.

काही फरक लोक उगाच मोठे करतात. रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं, हे दोन्हीकडे आहे. कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिताही दोन्हीकडे तीच; “आम्ही केबलवाले, आम्हाला ते लागू नाही” हा भ्रम आहे. उलट केबलवाल्याला अधिकारी जास्त जवळचा: तक्रारी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संनियंत्रण समितीकडे आणि प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जातात, म्हणजे व्यवहारात कलेक्टर कचेरीत. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असा मथळा दिसलाच पाहिजे, तो लोगोमागे दडवू नका. अनेकांना तो कमीपणाचा वाटतो. मला तर तो नसलेलं चॅनल बघितलं की पहिली शंका नोंदणीचीच येते.

आता माझा खास राग. एक तिसरा प्रकार या दोघांत घुसलाय: यूट्यूब चॅनल, ज्याच्या बूमवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असं छापलेलं असतं. खोदून विचारलं की तीनपैकी एक कागद निघतो. लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र, जे पिठाच्या गिरणीलाही मिळतं. साप्ताहिकाचा नोंदणी क्रमांक, जो छापील नियतकालिकाचा आहे आणि कॅमेऱ्याला लागू होत नाही. किंवा २०२१ च्या आयटी नियमांखाली मंत्रालयाला दिलेल्या माहितीची पोच. ही पोच म्हणजे “आम्ही अमुक नावाने डिजिटल बातम्या देतो” असं आपण कळवल्याची पावती. परवाना नाही, मान्यता नाही. डिजिटल बातम्यांना असा परवाना लागतच नाही, मग नसलेल्या परवान्याचा टेंभा कशाला? यूट्यूबवर बातम्या देणं यात लाजण्यासारखं काही नाही. काही तालुक्यांत तिथलं काम केबलपेक्षा सरस आहे. पण ओळखपत्र दाखवून टोलनाका पार करायला बघणाऱ्यांमुळे सगळेच बदनाम होतात.

दलालांबद्दलही बोललं पाहिजे. “परराज्यातल्या एका कंपनीकडे परवानगी पडून आहे, लोगो बदलून तुम्ही चालवा, महिन्याला इतकं द्या” अशी ऑफर येते. परवानगी मंत्रालयाच्या पूर्वमान्यतेशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. अशा सौद्यात तुम्ही पुन्हा तिथेच पोचता जिथून निघालात: चॅनल चालवणार तुम्ही, कागदावर दुसराच. फरक एवढाच की एमएसओ निदान तुमच्या गावात भेटतो.

आणि समजा, २० कोटी खरोखर आहेत आणि परवानगी खरोखर मिळाली. तरीही सॅटेलाइट चॅनल तुमच्या गावातल्या टीव्हीवर आपोआप येत नाही. ते उपग्रहावर येतं. तिथून खाली घ्यायला पुन्हा त्याच एमएसओकडे जायचं आणि कॅरेज फीचं, म्हणजे चॅनल दाखवायला त्याला द्यायच्या पैशांचं, बोलणं करायचं, आता पन्नास मोठ्या चॅनलांच्या रांगेत उभं राहून. ज्या चॅनलला लोकल म्हणून मानाची जागा होती, ते तिथे चारशेमधलं एक होतं.

म्हणून कुणी मला विचारलं तर एका जिल्ह्यात जाहिराती मिळवणाऱ्या चॅनलला मी सॅटेलाइटचा नाद सोडायला सांगतो. त्यापेक्षा एमएसओशी असलेला तोंडी व्यवहार कागदावर आणा. तुमच्या चॅनलच्या नावाने झालेल्या प्लॅटफॉर्म सर्व्हिस नोंदणीची प्रत मागा. “आमच्याकडे आहे, काळजी करू नका” हे उत्तर म्हणजे प्रत नव्हे. एमएसओला चॅनल बंद करायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, हे करारात लिहून घ्या. लोगो आणि नाव तुमचं, हेही त्यातच लिहा आणि ट्रेडमार्कचा अर्ज स्वतःच्या नावाने करा. ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायची जबाबदारी एमएसओची असली, तरी एक हार्ड डिस्क तुमच्याकडेही असू द्या, कारण तक्रार आली की तो पहिल्यांदा तुमच्याकडेच बोट दाखवणार. आणि प्रत मागितल्यावर नोंदणी झालेलीच नाही असं निघालं, तर त्याच आठवड्यात ते हजार रुपये भरायला लावा.