खुलासा : सोलापुरात थंडी नसते म्हणे!

कॅम्पर व्हॅन घेऊन हिवाळा काढायला इकडे येणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं, "सोलापूर म्हणजे भट्टी, पांघरूण कशाला?" दुपारपुरतं खरं, पारा तिशीच्या आसपास असतो. पण हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवस मावळला की जमीन भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बऱ्याचदा १५ अंशांखाली जातो. गाडीचा पत्रा त्याआधीच गार पडलेला. सगळ्या काचा बंद केल्या तर श्वासाची वाफ छताला धरते आणि पहाटे थेंब उशीवर. दोन काचा बोटभर उघड्या ठेवाच.

"कोळसे लाल झाले, धूर नाही, मग शेगडी आत चालते" ही थाप तर जिवावरची. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. त्यापेक्षा दोन सोलापुरी चादरी घ्या. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत मात्र गाडी घालू नका.