गॅमा-रे बर्स्ट: सिंक्रोट्रॉन की इन्व्हर्स कॉम्प्टन?

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले तरंग) टिपणारी वेधशाळा होणार, तेव्हा हिंगोली-परभणीत गुरुत्वीय लहरींबरोबर गॅमा किरणांचाही विषय निघणारच. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याच्या लहरी पोचल्या आणि 1.7 सेकंदांनी अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीला गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजेच गॅमा-रे बर्स्ट, दिसला. मात्र लायगोला गॅमा किरण दिसत नाहीत, आणि ते कसे तयार झाले हेही ती सांगत नाही. त्यासाठी सिंक्रोट्रॉन आणि इन्व्हर्स कॉम्प्टन या दोन प्रक्रिया वेगळ्या ओळखाव्या लागतात. दोन्हींत राबणारा इलेक्ट्रॉन एकच, म्हणून गल्लत होते.

सिंक्रोट्रॉनमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतो आणि वळता वळता ऊर्जा गमावतो. त्यातून फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, नव्याने जन्मतो. इन्व्हर्स कॉम्प्टनमध्ये फोटॉन आधीच हजर असतो. विटीला दांडू बसावा तसा इलेक्ट्रॉन त्याला फटका देतो. इलेक्ट्रॉनचा लॉरेंट्झ गुणक (वेग प्रकाशाच्या किती जवळ आहे त्याचे माप) 1,000 असेल, तर फोटॉनची ऊर्जा त्याच्या वर्गाइतकी, म्हणजे साधारण दहा लाख पट वाढते. तो आधीचा फोटॉन बहुधा त्याच इलेक्ट्रॉनांनी सिंक्रोट्रॉनमधून काढलेला असतो, म्हणून घोळ आणखी वाढतो.

फरक कळतो तो मर्यादेवरून. इलेक्ट्रॉनला वेग मिळतो त्यापेक्षा लवकर ऊर्जा गळू लागली की सिंक्रोट्रॉन थांबतो. स्फोटातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेल्या झोताबरोबर प्रवास करणाऱ्याला ही हद्द 100 मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दिसेल (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचे एकक; 1,000 मेगा म्हणजे 1 गिगा, 1,000 गिगा म्हणजे 1 टेरा). झोत आपल्याकडे येतो म्हणून आपल्याला ती शेकडो पटींनी वर, म्हणजे काही दहा गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत दिसते. झोत मंदावला की खाली घसरते. 14 जानेवारी 2019 च्या स्फोटात जमिनीवरच्या मॅजिक या गॅमा-किरण दुर्बिणींना जवळपास 1 टेराइलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन मिळाले. वर्णपटात, म्हणजे ऊर्जेनुसार तेजाच्या आलेखात, सिंक्रोट्रॉनखेरीज दुसरा उंचवटा उघड होता: इन्व्हर्स कॉम्प्टन.

तरी ‘टेरा दिसला की कॉम्प्टन’ हा घाईचा निकाल. त्याच वर्षी 29 ऑगस्टच्या स्फोटात हेस या तशाच दुर्बिणींना 3.3 टेरापर्यंतचे किरण मिळाले, पण त्यांच्या वर्णपटाचा उतार क्ष-किरणांच्या उताराशी जुळला, जणू एकच घटक सलग चालला आहे. साध्या सिंक्रोट्रॉनला हे त्याच्या हद्दीपलीकडचे झेपत नाही, आणि वाद त्यावरच आहे.

उलट, टेरा न दिसणे हाही कॉम्प्टन नसल्याचा पुरावा नव्हे. दूरच्या स्फोटाचे टेरा फोटॉन वाटेतल्या अवरक्त प्रकाशाला धडकून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या बनतात. फार ऊर्जावान फोटॉनवर फटकाही नीट बसत नाही. याला क्लाइन-निशिना परिणाम म्हणतात, आणि त्याने कॉम्प्टनचा जोर ओसरतो. म्हणून आधी वाटेतली घट भरून काढायची आणि मगच उतार तपासायचा.