उसळत्या बॉम्बची खरी करामत भिंतीपाशी

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या विंग कमांडर गाय गिब्सनचे नाव निघाले की पाण्यावर टप्पे खात जाणारा चेंडूसारखा गोल बॉम्ब आठवतो. पण तो गोल नव्हता. १६-१७ मे १९४३च्या रात्री जर्मनीतल्या धरणांवर निघालेल्या १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांखाली पिंपासारखे दंडगोल टांगलेले होते: व्यास १२७ सेंमी, वजन सुमारे ४,२०० किलो, पैकी ३,००० किलो टॉरपेक्स हे स्फोटक.

टप्पा पडतो तो उथळ कोनामुळे. १८ मीटरवरून सुटलेला बॉम्ब पाण्यापाशी पोचेपर्यंत त्याचा उभा वेग सेकंदाला १९ मीटर होतो, आडवा १०३. कोन झाला साधारण १० अंश. ४५ मीटरवरून सोडला तर तोच १६ अंश. चाचण्यांत जास्त उंचीवरून टाकलेल्या बॉम्बची लाकडी आवरणे पाण्यावर आपटून फुटत होती. रात्री १८ मीटर उंची कशी राखायची? विमानाच्या पोटाखाली दोन दिवे लावले. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना चिकटले की उंची बरोबर.

सोडण्याआधी बॉम्बला मिनिटाला ५०० फेरे उलटी फिरकी देत. ती केवळ उसळीसाठी होती असे समजले जाते, पण हा बॉम्ब घडवणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याच्या, बार्न्स वॉलिसच्या, बुद्धीची कमाल पुढे आहे. टप्पे खात धरणाच्या भिंतीला टेकलेल्या बॉम्बची भिंतीकडची बाजू उलट्या फिरकीत वर सरकत असते. म्हणून भिंतीचे घर्षण बॉम्बला खाली ढकलते. बुडतानाही त्या बाजूचे पाणी फिरकीबरोबर जोराने वर जाते, तिथला दाब घटतो आणि बॉम्ब भिंतीकडेच ओढला जातो. फिरकी सुलटी असती तर तो भिंत चढू पाहिला असता! ९ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने फ्यूज पेटतो आणि बॉम्ब फुटतो. मागे पाण्याचा भार असल्याने स्फोटाचा धक्का मोकळा न पसरता दगडी भिंतीत शिरतो. हाच स्फोट काही मीटर दूर झाला, तर भिंत शाबूत.

म्योन धरणावर गिब्सनचा बॉम्ब भिंतीच्या अलीकडच्या पाण्यातच फुटला, दुसरा भिंतीवरून पलीकडे पडला, तिसरा डावीकडे भरकटला. टाकताना पंख कलले तर दंडगोलाचे एक टोक आधी टेकते आणि दिशा बिघडते. भिंत फुटली पाचव्या बॉम्बनंतर. पुढे एडर धरणही फुटले. जर्मन उद्योग एका रात्रीत कोलमडला, हा मात्र प्रचार. म्योनची भिंत काही महिन्यांत पुन्हा उभी राहिली. पुरात हजारावर माणसे मेली, त्यांत परदेशातून आणलेले वेठमजूर फार होते.

सॉर्पे धरण मातीचे, आत काँक्रीटचा गाभा. मातीच्या उतारावर ही युक्ती चालत नाही, म्हणून तिथे फिरकी न देताच बॉम्ब माथ्याला समांतर उडत टाकले. माथ्याचे नुकसान झाले, धरण टिकले.