आठवडी बाजार शहरात कसा परतला: अडतीचा वाद, नियमनमुक्ती आणि जागेचा प्रश्न

पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात शनिवार-रविवारी एखाद्या मैदानात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत शेतकरी गटांचे तंबू लागतात. मावळचा इंद्रायणी तांदूळ, पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ, सकाळीच तोडलेली मेथी, बचतगटांची पापड-कुरडई, एखाद्या कोपऱ्यात बुरुडाची सुपे-टोपल्या. शहरातल्या नव्या पिढीला हा अलीकडचा शौक वाटतो. त्यामागे दीडशे वर्षांचा बाजार-कायदा आहे. त्यातही २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत जे घडले ते नीट समजल्याशिवाय आजचा बाजार असा का भरतो हे कळत नाही.

फार मागे जायची गरज नाही. मराठेशाहीत पेठ वसवताना कौल, म्हणजे सवलतींचे लेखी आश्वासन, दिला जाई, शेटे-महाजन हे वतनदार बाजार सांभाळत आणि त्या बदल्यात शेव-फसकी घेत, म्हणजे विक्रीला आलेल्या मालातून हातभर-पसाभर हिस्सा. बाजारात उतरलेल्या मालातून कोणीतरी आपला वाटा काढून घ्यायचा, ही रीत तेव्हापासूनची. इंग्रजी अमलात वऱ्हाडच्या कापसामुळे नियंत्रित बाजाराची कल्पना आली. १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार, मग १८९७ चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा. कापूस गिरण्यांना हवा होता, म्हणून सरकारला घाई होती. भाजीपाल्याचा विचार कोणी केला नाही. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा आणि आज ज्याभोवती सगळी चर्चा फिरते तो, शेतमालाची विक्री बाजार समित्यांच्या नियंत्रणाखाली आणणारा, महाराष्ट्राचा पणन (शेतमाल विक्री) नियमन कायदा १९६३ चा.

या कायद्याला सरसकट शिव्या घालण्याची आता पद्धत पडली आहे. ते बरोबर नाही. त्याआधी हत्त्याची पद्धत होती: व्यापारी आणि दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता बघत असे. कडता म्हणून वजनातून मनमानी घट धरली जाई. उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि विक्रीच्या दिवशीच पैसे या तीन गोष्टी नियमनाने आणल्या. जिथे त्या नीट राबल्या तिथे शेतकऱ्याचा फायदाच झाला.

पुढे दुखणे जडले ते पट्टीत, म्हणजे अडत्या शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबात. ज्यांनी शेतमालाची पट्टी कधी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अरुंद छापील कागद, वर गाळ्याचा क्रमांक, खाली पेनाने शेतकऱ्याचे नाव, डाग (पोती-पेट्या) किती, वजन किती, भाव काय. मग खर्चाचा रकाना: अडत, हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), वाराई (गाडीतला माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), मोटारभाडे. शेवटी उरते ती रक्कम आणि त्यातूनही पेरणीला अडत्याकडून आगाऊ घेतलेली उचल वळती होते. अडत म्हणजे अडत्याचे कमिशन. फळे-भाजीपाल्यावर ते दहा टक्क्यांपर्यंत जात असे आणि द्यायचे मात्र विकणाऱ्याने. अडत्या माल विकून देतो ही सेवा खरी, पण तिचा लाभ खरेदीदारालाही होतो. मग भार एकट्या शेतकऱ्यावर का, हा प्रश्न शेतकरी चळवळीने वर्षानुवर्षे विचारला होता.

डिसेंबर २०१४ मध्ये पणन खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आदेश काढला की अडत यापुढे शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यावी. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवण्याचा पवित्रा घेतला आणि अवघ्या काही दिवसांत आदेशाला स्थगिती मिळाली. नवे सरकार नुकतेच बसले होते, भाजी महागण्याची भीती होती, ही कारणे तेव्हा सांगितली गेली. पण त्या आठवड्यात जे दिसले ते स्पष्ट होते: न्याय्य म्हणून काढलेला आदेशही बाजाराचे दरवाजे बंद होण्याच्या धमकीपुढे टिकत नाही, कारण शेतकऱ्याला विकायला दुसरी जागाच नाही. शहरातल्या पर्यायी बाजारांची खरी निकड इथे उघडी पडली, असे माझे मत आहे.

जुलै २०१६ मध्ये अध्यादेश आला तेव्हा दोन निर्णय एकत्र होते. अडत खरेदीदाराने द्यायची, हा एक. आणि फळे-भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार आवाराबाहेर त्यांच्या खरेदी-विक्रीवर बाजार समितीचे नियंत्रण नाही, हा दुसरा. व्यापाऱ्यांनी पुन्हा बंद पुकारला. या वेळी सरकार मागे हटले नाही आणि शेतकरी गटांचा माल थेट शहरात आणण्याला जोर दिला गेला. ऑगस्टमध्ये मुंबईत विधान भवनाच्या आवारात रविवारचा शेतकरी बाजार सुरू झाला आणि संत सावता माळी यांच्या नावाने आठवडी बाजारांची मोहीम राज्यभर नेण्याचे ठरले. पुण्यात कोथरूडसारख्या भागांत असे बाजार त्याआधीच भरत होते आणि वांद्र्यात सेंद्रिय मालाचा रविवारचा बाजार २०१० पासून होता. पण सरकारी पाठबळ मिळाले ते २०१६ मध्ये.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. '१९६३ च्या कायद्याने शेतकऱ्याला शहरात माल विकायला बंदी होती, ती २०१६ ला उठली' असे भाषणांत सर्रास सांगितले जाते. मूळ कायद्यातच किरकोळ विक्रीला आणि स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला सूट होती. एकट्या बाईने टोपलीभर वांगी आणून रस्त्याच्या कडेला विकली तर पणन कायदा तिच्या आड येत नव्हता. अडचण होती गटाची. वीस शेतकऱ्यांचा माल एका टेम्पोत भरून दोन पोरे शहरात येतात, त्यातली अठरा घरे गावातच असतात. मग ही दोन पोरे शेतकरी की व्यापारी? परवाना लागतो का, बाजार समितीचा सेस (शुल्क) कोणी भरायचा? २००६ च्या दुरुस्तीने थेट पणनाचे, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट खरेदीचे, परवाने आले, पण ते पेलले मोठ्या कंपन्यांना. लहान गटांवरची ही टांगती तलवार नियमनमुक्तीने काढली. आठवडी बाजार हा जवळपास सगळा गटांचा आणि शेतकरी कंपन्यांचा आहे, त्यामुळे या निर्णयाचे मोल त्यांना विचारावे.

व्यापाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. अडत्या रात्री दोन वाजता आलेली गाडीही उतरवून घेतो, माल कितीही असो नाही म्हणत नाही आणि अडीअडचणीला, लग्नकार्याला उचल देतो. शनिवारचा बाजार दोनशे किलो टोमॅटो घेईल, दोन टन नाही. माथाडी कामगारांचे पोटही याच आवारांवर आहे. २०१८ मध्ये सगळाच शेतमाल नियमनातून काढण्याचे विधेयक आले तेव्हा व्यापारी आणि माथाडी दोघेही रस्त्यावर उतरले आणि सरकारने ते मागे घेतले.

अडत खरेदीदाराकडे गेल्याने पट्टी कोरी झाली असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोला एक रुपया भाव मिळाला. भाडे, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले आणि त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. आठवडी बाजारातही टेम्पोचे भाडे आणि दिवसभराची दोन माणसे हा खर्च आहेच. फरक इतकाच की भाव शेतकरी स्वतः पाटीवर लिहितो.

कारागिरांची वाट वेगळी पडली. गावच्या बाजारात कुंभार, बुरूड, दोर वळणारे, घोंगडी विणणारे भाजीवाल्यांच्या रांगेतच बसत. शहरातला शेतकरी बाजार पणन यंत्रणेच्या छत्राखाली उभा राहिला, त्यामुळे त्यात शेतमाल आणि फार तर बचतगटांचे प्रक्रिया केलेले पदार्थ एवढेच प्रामुख्याने आले. मडकी, टोपल्या, घोंगड्यांना शहरात जागा मिळाली ती वांद्र्याचे महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशा वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळ्यांत. वर्षातून एकदा विकल्या जाणाऱ्या सुपावर बुरुडाचे घर चालत नाही. काही ठिकाणी आता शेतकऱ्यांशेजारी कारागिरांना नियमित गाळा देतात. ही उशिरा सुचलेली पण फार आवश्यक दुरुस्ती आहे.

शहरात शेतकरी बाजार भरवण्यात महाराष्ट्र पहिला नव्हता. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली, आंध्रात जानेवारी १९९९ मध्ये 'रयतु बाजार' आणि त्याच वर्षी तमिळनाडूत 'उळवर संदै'. आंध्र आणि तमिळनाडूत सरकारने या बाजारांना स्वतःची कायम जागा, ओटे आणि छप्पर दिले. आपल्याकडे कायदा मोकळा झाला, मैदान मात्र उसने राहिले. महापालिकेचा भूखंड, शाळेचे पटांगण, मंदिराचे आवार, जे मिळेल ते आणि तेही मुदतीच्या परवानगीवर. शेजारचे भाजीवाले तक्रार करतात आणि त्यांची तक्रार खोटी नसते, कारण ते आठवडाभर त्याच रस्त्यावर पोट भरतात. वाहतूक अडते म्हणून रहिवासी कुरकुरतात. जागा बदलली की वर्षभर जोडलेले गिऱ्हाईक तुटते.

२०२० च्या टाळेबंदीत मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला. तेव्हा हेच गट सोसायट्यांच्या फाटकापाशी भाजीच्या पिशव्या पोचवत होते. त्यातल्या काहींनी पुढे व्हॉट्सॲपवर आठवड्याची मागणी घेऊन तोच व्यवहार चालू ठेवला. सोसायटीचे आवार खासगी असल्यामुळे त्यांना महापालिकेची परवानगी मागावी लागत नाही, म्हणून अनेक गट मैदान सोडून तिकडे वळले आहेत. मैदानातल्या बाजारात मोलकरीण आणि डॉक्टर एकाच ढिगातून वांगी निवडतात. फाटकाआडच्या बाजारात फक्त त्या सोसायटीचे लोक येतात, आणि भाव त्यांच्या ऐपतीने ठरतो.